नंबर नसलेली यादी

यादी दिसली की लातूरचा माणूस ती वरून वाचायला लागतो आणि आपलं नाव सापडलं की थांबतो. खाली कोण आहे ते बघायची आमच्याकडे पद्धत नाही. मी शिकत होतो तेव्हा दहावी-बारावीला बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आई-बाप पेढा भरवतानाचे फोटो यायचे आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराचा भाव त्या दिवशी नव्याने ठरायचा. 'लातूर पॅटर्न' म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात आमचं जे नाव झालं ते ह्या यादीच्या जिवावर. मी काही तिच्यात आलो नाही (आलो असतो तर आज डॉक्टर असतो, कॉम्प्युटरपुढे हमाली करत बसलो नसतो), पण वरून वाचायची सवय लागली ती लागलीच.

त्यामुळे पुण्यात पहिली बीआरएम केली तेव्हा माझी पंचाईत झाली. मंडळी, ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची, ठरावीक वेळेत पुरी करायची सायकलवारी. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. चारही एकाच मोसमात केल्या तर तुम्ही 'सुपर राँदोनर'. हातात एक पिवळट कार्ड देतात, वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का किंवा सही घ्यायची. मदतीला गाडी मागे ठेवायची नाही. पंक्चर आपलं आपण काढायचं, खाणंपिणं आपलं आपण बघायचं. भारतात हे लोण २०१० च्या आसपास आलं आणि आयटीतल्या आमच्यासारख्या, पाठ आणि पोट दोन्ही बिघडलेल्या मंडळींनी ते उचलून धरलं.

तर पहिली दोनशेची मी साडेदहा तासांत संपवली आणि घरी येऊन, गरम पाण्यात पाय सोडून, निकालाची वाट बघत बसलो. यादी आली. सवयीने वरून वाचायला घेतली, तर पहिलं नाव एका काकांचं. हे काका मला शेवटच्या चाळीस किलोमीटरला एका चिंचेखाली आडवे पडलेले दिसले होते! मला वाटलं, कुणीतरी 'ऑर्डर बाय'मध्ये वेळेच्या जागी आडनाव टाकलंय. धंद्याचा रोग, दुसरं काय. ओळखीच्या एका जुन्या सायकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "अरे बाबा, ही रेस नाहीये. ह्यात नंबर नसतो." तेरा तास एकोणतीस मिनिटांनी आलेला आणि आठ तासांनी आलेला, दोघं सारखेच. नियमातच तसं आहे.

खरं सांगतो, मला ते पटलं नाही. पण डोक्यात किडा मात्र वळवळला की हे असं ठरवलं कुणी? तेव्हापासून अधूनमधून रात्री हापिसचं काम संपलं की सायकलींचा इतिहास चाळत असतो. आज तो थोडा सांगतो, आणि सोबत माझी स्वतःची एक गोष्ट, जी सांगायला मी दोन-अडीच वर्षं टाळाटाळ केली.

सायकलीच्या मोठ्या शर्यती सुरू झाल्या त्या पेपर खपवायला. १८९१ साली पिअर गिफार नावाच्या फ्रेंच पत्रकाराने पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची, म्हणजे सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत काढली. दोनशेहून जास्त गडी निघाले, परत आले त्याच्या निम्मे. शार्ल तेरों पहिला आला, ७१ तास २२ मिनिटांत, वाटेत न झोपता. पुढे १९०३ मध्ये आंरी देग्रांज ह्या संपादकाने, तोही आपला पेपर वाचवण्यासाठी, 'टूर द फ्रान्स' सुरू केली. साठ जण निघाले, एकवीस पोचले. हा देग्रांज स्वतः सायकलपटू. १८९३ मध्ये त्याने एका तासात ३५ किमीच्या वर अंतर कापून विक्रम नोंदवला होता. माणूस कडक. खेळाडूने कुणाची मदत घेतलेली त्याला खपायची नाही.

आता ह्याच माणसाची दुसरी बाजू बघा. १२ जून १८९७ ला बारा इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले होते. २३० किमी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. हा प्रकार लोकांना भलताच आवडला आणि त्याला नाव पडलं 'ऑडॅक्स', लॅटिनमध्ये धाडसी. (जाता जाता: त्याच १८९७ साली आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वेचा पहिला तुकडा सुरू झाला. ती छोटी गाडी लातूरला पोचायला १९११ उजाडलं. आमचे आजोबा सांगायचे की चढावर सायकलवाला तिला मागे टाकायचा. खरंखोटं आजोबा जाणोत.) देग्रांजने हा इटालियन प्रकार १९०४ मध्ये फ्रान्सला आणला. ऑडॅक्समध्ये सगळ्यांनी एकत्र जायचं. पुढे रस्त्याचा कप्तान असतो, तो वेग ठरवतो, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही. आजही फ्रान्समध्ये हा जुना प्रकार चालतो, ताशी साडेबावीसच्या वेगाने, सगळा जथा एकगठ्ठा. म्हणजे एकच माणूस एका हाताने 'कुणाची मदत घ्याल तर खबरदार' अशी शर्यत चालवत होता आणि दुसऱ्या हाताने 'कुणी सुटं जाल तर खबरदार' अशी सहल!

मग १९२१ मध्ये भांडण झालं. ऑडॅक्सच्या सहली भरवणारा पॅरिसचा क्लब आणि देग्रांज ह्यांचं बिनसलं आणि त्याने क्लबची परवानगी काढून घेतली. क्लबने त्याच सप्टेंबरात स्वतःचा नवा प्रकार काढला. अंतर तेच, कार्ड तेच, पण कप्तान नाही. ज्याने त्याने आपापल्या वेगाने जायचं, वेळेची मर्यादा पाळायची, बस्स. आज पुण्यात, नागपुरात, नाशकात आपण जी बीआरएम करतो ती ह्या भांडणाची पणती-खापरपणती. शर्यतीतला नंबर तिने टाकून दिला आणि सहलीतला कप्तानही टाकून दिला. ह्यातली दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला बराच वेळ गेला.

आता माझी गोष्ट.

१७ सप्टेंबर २०२३. मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षं पुरी झाली तो दिवस. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तरी आम्ही आणखी तेरा महिने निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला ते संपलं. त्यामुळे आमच्याकडे झेंडावंदन वर्षातून एकदा जास्तच असतं. त्या रविवारी लातूरहून नांदेडला सायकलवर जायचं आणि सोमवारी परत यायचं असं आम्ही चाळीसेक जणांनी ठरवलं. कुणी संस्था वगैरे नाही. डॉक्टर, शिक्षक, अडत दुकानवाले, दोन पोलीस, कॉलेजची पोरं, आणि पुण्याहून सुट्टी टाकून आलेला मी. नियम एकच ठरला होता: एकत्र जायचं, एकत्र यायचं. मागे एक टेम्पो.

आमच्यात माझे शाळेतले गणिताचे सर होते. रिटायर झाल्यावर मुलाने हायब्रिड सायकल घेऊन दिली, तेव्हापासून रोज सकाळी पंचवीस किलोमीटर. मला बघितल्यावर पहिलं वाक्य, "काय रे, अजून कॉम्प्युटरच दुरुस्त करायलास का?" सरांच्या लेखी आयटी म्हणजे तेच. :-)

जाताना मजा होती. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर, नांदेड गोदावरीकाठी, साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे १४० किलोमीटरमध्ये सुमारे अडीचशे मीटर उतार आपल्या बाजूने. शिवाय पावसाळी वारा नैर्ऋत्येचा, आणि नांदेड लातूरच्या ईशान्येला. पाठीवर कुणी हात ठेवून ढकलतंय असं वाटायचं. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर. शाळांवर झेंडे, पांढऱ्या कपड्यातली पोरं. त्या वर्षीचा ऑगस्ट सगळ्या देशात कोरडा गेला होता. सोयाबीन गुडघ्याच्या खालीच पिवळं पडायला लागलं होतं आणि थांबलं की लोक आधी पावसाचं बोलायचे, मग सायकलीचं. पण चहाचे पैसे कुणी घेईना. माळेगावला खंडोबाचं दर्शन घेतलं (डिसेंबर-जानेवारीत यात्रा भरते, घोड्यांचा बाजार बघण्यासारखा असतो), लोहा मागे टाकलं आणि दिवस असतानाच नांदेड. गुरुद्वाऱ्यात लंगर जेवलो. तिथे पंगतीत पहिला-शेवटचा असा प्रकार नाही, सगळ्यांना एकाच वेळी वाढतात. अर्थात हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं.

सोमवारी परतीचा रस्ता. आता तोच उतार चढ झाला आणि तोच वारा तोंडावर.

इथे थोडं गणित करू, सरांच्या आठवणीसाठी. सपाटीवर सायकलवाल्याची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि इथे वेग म्हणजे हवेच्या तुलनेतला. तुम्ही ताशी २० ने चाललात आणि समोरून १५ चा वारा असेल तर हवेला तुम्ही ३५ ने भिडता. २० गुणिले ३५ चा वर्ग, भागिले २० चा घन: नुसत्या हवेसाठी तिप्पट ताकद. वारा नसताना २९ ने पळवावी तेवढी. पण कुणाच्या मागे चाकाला चाक लावून गेलात तर पाव ते तृतीयांश मेहनत वाचते. शर्यतीत जथे बनतात ते प्रेमापोटी नव्हे, ह्या आकड्यापोटी. आणि जो जथ्यातून सुटला त्याला अख्खा वारा एकट्याने खायला लागतो. त्याचा वेग पडतो, अंतर वाढतं, मग आशा सुटते. सुटायला दहा मीटर पुरतात.

दुसऱ्या दिवशी गणपती होते. प्रत्येकाला घरी जाऊन मखर लावायचं होतं, मूर्ती आणायची होती. लोह्यापर्यंत आम्ही बऱ्यापैकी एकत्र होतो. मग कॉलेजच्या दोन पोरांनी वेग वाढवला आणि मी त्यांच्या मागे लागलो. का? तसं काही कारण नाही. पुढे कुणीतरी गेलं म्हणून. तिघं आळीपाळीने वारा झेलत होतो आणि आरशात मागचे लहान लहान होत गेले. माळाकोळीच्या पुढे चढावर एकदा मागे बघितलं, रस्ता रिकामा. पोरं खूश. मीही खूश, चाळिशीत विशीच्या पोरांबरोबर!

टेम्पो आमच्या मागोमाग पुढे आला होता. चहा-केळी पुढच्यांना आधी लागतात ना.

एक गोष्ट सांगायची राहिली. सकाळी नांदेडला निघताना सरांच्या सीटखालच्या बॅगची चेन तुटली होती. त्यांनी त्यातली जादा ट्यूब आणि टायर काढायची पट्टी माझ्याकडे दिली. "ठेव रे तुझ्याकडं, आपण सोबतच आहोत."

अहमदपूरला आम्ही पंधरा मिनिटं थांबलो आणि निघालो. चाकूरला पोचलो तेव्हा मागच्या एका डॉक्टरांचा फोन आला. सर माळाकोळीच्या पुढे पंक्चर झालेत, ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलीय, तिथे ठिगळ बसत नाही. त्यांच्या मापाची ट्यूब कुणाकडे आहे का?

माझ्याकडे होती. त्यांचीच.

आता हिशेब बघा. चाकूरहून अहमदपूर तीसेक किलोमीटर, आणि तिथून पुढे आणखी थोडं. पण परत जायला वारा पाठीशी होता. उतार होता. दीड तासात पोचलो असतो. मी डॉक्टरांना सांगितलं, "टेम्पोवाल्याला परत पाठवतो, तो घेऊन येईल." टेम्पोवाल्याच्या हातात ट्यूब दिली आणि आम्ही तिघं लातूरकडे निघालो. संध्याकाळी पावणेपाचला पोचलो. ॲपवर फोटो टाकला. रात्री झोपेपर्यंत शंभरेक अंगठे आले.

सर तोवर सायकल हातात धरून सात किलोमीटर चालले होते. डॉक्टर आणि बाकीचे त्यांच्या पुढे होते, त्यांनाही पंक्चर कळलं ते सरांनी कुणा मोटरसायकलवाल्याबरोबर निरोप पाठवला तेव्हा. शेवटी कडब्याच्या एका छोट्या हत्तीने त्यांना अहमदपूरला आणून सोडलं. तिथे आमचा टेम्पो भेटला. तेव्हा अंधार पडायला आला होता, म्हणून ट्यूब न घालताच सायकल टेम्पोत टाकली आणि रात्री घरी पोचले.

टूर द फ्रान्समध्ये १९१३ साली घडलेला एक किस्सा सायकलवाल्यांना पाठ असतो. यूजेन क्रिस्तोफ नावाचा गडी पिरेनीज डोंगरात तूरमाले घाट उतरत होता आणि सायकलीचा पुढचा फोर्क मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो दहाच्या वर किलोमीटर चालत खालच्या गावात आला. लोहाराचा भाता होता, पण नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची. देग्रांजची माणसं राखण करायला बसलेली. क्रिस्तोफने स्वतः फोर्क जोडला, पण दोन्ही हात गुंतलेले, म्हणून भाता एका पोराने हलवला. त्याबद्दल त्याला दहा मिनिटं दंड! (नंतर म्हणे तीनवर आणला.) हा किस्सा मी आधी चार लोकांत मिटक्या मारत सांगायचो, बघा किती जिगरबाज माणूस. आता सांगताना मला तो भाता हलवणारा पोरगा आठवतो. आणि माळाकोळीच्या पुढचा तो मोटरसायकलवाला.

आपल्याकडची एक मोठी गोष्ट आहे, तीही ह्याच जातीची. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रदक्षिणेला निघाले. इराणमध्ये एक जण घरगुती कारणाने परत फिरला. अमेरिकेत एकाने तिथेच राहायचं ठरवलं आणि त्यामुळे खट्टू झालेला आणखी एक परतला. उरलेले तिघं, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईला पोचले. सुमारे सत्तर हजार किलोमीटर. तिघांनी पुस्तकही लिहिलं. कौतुक तिघांचं होतं, आणि झालंच पाहिजे. पण साडेचार वर्षांच्या प्रवासात अर्धा जथा गळला, प्रत्येक वेळी उरलेल्यांनी थांबायचं की पुढे जायचं हे कुठल्यातरी परक्या गावात बसून ठरवलं असणार, आणि ते पुढे गेले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाहीये. पुढे जाणं हाच त्यांचा बेत होता. माझा बेत तो नव्हता, एवढाच फरक.

शर्यतीबद्दलही माझी तक्रार नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तिथे मागे वळून बघायची अपेक्षाच नसते. सगळ्यांना ठाऊक असतं की आपण कशाला आलोय. गडबड आमच्यासारख्यांची होते. आम्ही सहलीला जातो आणि मनातल्या मनात शर्यत लावतो. बीआरएमच्या यादीत नंबर नसतो हे आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगतो आणि घरी आल्यावर ॲपवर बघतो की त्या चढावर आपण कितवे. माझ्या फोनमध्ये अहमदपूरच्या चढाचा नंबर अजून आहे. सांगणार नाही.

टूरमध्ये शेवटच्या माणसाला 'लाल कंदील' म्हणतात, रेल्वेच्या शेवटच्या डब्याला असायचा तसा. तो दिसला की स्टेशनमास्तरला कळतं, गाडी पूर्ण आली, मधेच डबे सुटले नाहीत. १९१० पासून जथ्याच्या मागे एक गाडीही चालते, दमलेल्यांना गोळा करत. तिला फ्रेंच लोक झाडूगाडी म्हणतात. म्हणजे देग्रांजसारख्या कडक माणसालाही मागे गाडी ठेवावी लागली, आणि ती मागेच ठेवली. आमची पुढे गेली होती.

वारीत हे सगळं शेकडो वर्षं बसलेलं आहे. ज्ञानोबांच्या पालखीत रथापुढे सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या रथामागे. दिंडीलाही नंबर असतो, पण तो जागेचा. सत्ताविसावी दिंडी पहिलीच्या मागे 'पडली' असं कुणी म्हणत नाही. नाशिकची सायकलवाली मंडळी २०१२ पासून पंढरपूरला सायकल वारी नेतात, त्यांच्यातल्या एकाला मी एकदा विचारलं होतं की एवढ्या लोकांना सांभाळता कसं. तो म्हणाला, सोपं आहे, सगळ्यात चांगला सायकलवाला सगळ्यात मागे ठेवायचा. मला वाटलं होतं विनोद करतोय.

असो. गणपती बसल्यावर दोन दिवसांनी मी सरांकडे गेलो. न जाऊन चाललं असतं, सरांनी एका शब्दाने काही विचारलं नव्हतं, पण आईने हातात निरशा दुधाचे पेढे देऊन पाठवलं. (तिला काही माहीत नव्हतं.) सर ओट्यावर बसले होते, एका पायाच्या अंगठ्याला पट्टी. सायकलीचे बूट घालून सात किलोमीटर चाललं की नख जातं. बाईंनी चहा आणला. मी ट्यूबचं बोलायच्या आधी हवापाणी, आरक्षण, पुण्यातली ट्रॅफिक असं सगळं बोलून घेतलं.

मग विचारलं, "सर, तुम्ही मला फोन का नाही केलात? नंबर होता की तुमच्याकडे."

सर हसले. "अरे, त्या मोटरसायकलवाल्यानं सांगितलं, तुमचे तिघं लई पुढं गेलेत. म्हटलं पोरगं नंबरात हाय, कशाला अडवायचं."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर बरं झालं असतं. तीस वर्षं पोरांना नंबरात आणणाऱ्या माणसाने, भर उन्हात, फाटकी ट्यूब हातात धरून, माझ्या बाजूने विचार केला होता. ह्यावर काय बोलणार? मी पेढ्यांचा डबा पुढे केला. सरांनी एक पेढा घेतला, अर्धा मोडून बाईंना दिला आणि म्हणाले, "त्या ट्यूबचं काय झालं रे?" टेम्पोवाल्याकडून ती परत माझ्याकडेच आली होती. खिशातून काढून दिली.

२०२४ ला १७ सप्टेंबरला नेमकी अनंत चतुर्दशी आली, कुणाला वेळ नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात पावसाने मराठवाडा धुऊन काढला. आमच्या ज्या रस्त्यांवर दोन वर्षांपूर्वी सोयाबीन पाण्यावाचून वाळत होतं तिथे ते पाण्याखाली सडलं. सायकलीचं नावही काढायची कुणाची छाती झाली नाही. म्हणजे ती राइड पुन्हा काही झालेली नाही, आणि मला जे करून दाखवायचं होतं ते दाखवायचं राहिलंच.

मध्यंतरी थंडीत लातूरला गेलो होतो तेव्हा आम्ही दोघंच औश्यापर्यंत जाऊन आलो. वीस किलोमीटर जायचं, वीस यायचं. किल्ल्याच्या दाराशी बसून सुशीला खाल्ली, सरांनी ती घरून डब्यात आणली होती. येताना सरांनी मला समांतर श्रेणीची बेरीज तोंडी करायला लावली आणि मी चुकलो. वेग ताशी सोळा. वारा होता, पण तो मी पुढे राहून घेतला, आणि दर दोन-तीन मिनिटांनी सर मागून ओरडायचे, "हाय रे मी, हाय!" ट्यूब दोन घेतल्या होत्या, एक त्यांच्या बॅगेत, एक माझ्या. पंक्चर काही झालं नाही.